एडिटरला काय दिसतं

सॉफ्टवेअरच्या कामात लिहिणं थोडं आणि वाचणं फार. बाहेरच्या माणसाला वाटतं, प्रोग्रामर दिवसभर टाइपच करत असेल. आमच्याकडे, कोल्हापुरातल्या एका लहानशा कंपनीत, पतसंस्थांचं सॉफ्टवेअर सांभाळायचं काम चालतं. ठेवी, कर्जं, पिग्मी, लाभांश, पासबुकाची छपाई. हा कोड कित्येक वर्षांत, कित्येक हातांनी लिहिलेला आहे. एखाद्या संस्थेतून फोन येतो, की मुदतीआधी मोडलेल्या ठेवीचं व्याज चुकतंय. मग पडद्यावर दिसलेली ती रक्कम आली कुठून, हे शोधत मागे मागे जायचं. हे फंक्शन त्याला कॉल करतं, ते तिसऱ्याला, तिसरं भलत्याच फायलीतल्या चौथ्याला. दुरुस्ती शेवटी दोन ओळींची निघते. त्या दोन ओळींपर्यंत पोचणं हेच खरं काम.

या वाटेवर आमच्या हातातली सगळ्यात मोलाची कळ म्हणजे एफ १२. व्हीएस कोड या एडिटरमध्ये एखाद्या नावावर कर्सर ठेवून ती दाबली, की ते नाव मुळात जिथे लिहिलंय तिथे एडिटर नेऊन सोडतो. ऑल्ट आणि डावा बाण दाबला की विंडोजवर परत पहिल्या जागी. शिफ्टसह एफ १२ दाबलं तर उलट माहिती मिळते: हे नाव कुठे कुठे वापरलंय? एक्लिप्समध्ये हेच काम एफ ३ करतं, व्हिममध्ये कंट्रोल आणि उजवा चौकटी कंस. आमच्या ऑफिसात याला नुसतं जंप म्हणतात.

जंप चालते तोवर तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. बंद पडली की कळतं, आपण किती तिच्या भरवशावर होतो ते. नावावर एफ १२ दाबावं तर कर्सरशेजारी छोटी चौकट उगवते: नो डेफिनिशन फाउंड. किंवा काहीच होत नाही. किंवा जंप होते, पण भलतीकडेच. आमच्याकडे नवीन लागलेल्या मुलीने मागे मला हाक मारली, "मॅडम, एडिटर बिघडलाय. काढून परत टाकू का?"

"थांब गं," मी म्हटलं. "त्याला काय दिसतंय ते आधी बघू."

माझं सगळं म्हणणं त्या एका वाक्यात आहे. एडिटर क्वचितच बिघडलेला असतो. प्रोजेक्टचं एक चित्र आपल्या डोक्यात असतं, एक कंपायलरकडे असतं, आणि एडिटर स्वतःचं तिसरंच चित्र तयार करत असतो. जंप चुकते तेव्हा ही चित्रं कुठेतरी वेगळी झालेली असतात. ती जागा हुडकायची. एडिटर काढून परत टाकल्याने ती सापडत नाही. उलट, नेमकं काय झालं होतं याची जी नोंद लॉगमध्ये पडलेली असते, ती हातची जाते.

म्हणून मी तिला तीन नावांवर एफ १२ दाबायला सांगितलं. पहिलं नाव त्याच फायलीत वर लिहिलेलं. दुसरं आपल्याच प्रोजेक्टच्या दुसऱ्या फायलीतलं. तिसरं बाहेरून आणलेल्या लायब्ररीतलं. पहिलंच चाललं नाही, तर त्या भाषेची समज देणारा भाग मुळात चालू नाही किंवा फायलीची भाषा ओळखली गेलेली नाही. पहिलं चाललं आणि दुसरं अडलं, तर एडिटरला प्रोजेक्टची हद्द कळलेली नाही किंवा नावांची सूची अजून पुरी झालेली नाही. दोन्ही चालून फक्त तिसरं अडलं, तर लायब्ररी कुठे ठेवली आहे हे त्याला ठाऊक नाही. मिनिटाभरात होणारी ही चाचणी आहे. तिने पुढचे कित्येक तास वाचतात. तिचं पहिलं नाव चाललं, दुसरं अडलं. तिने रिपोर्टचं एकच फोल्डर उघडलं होतं आणि व्याजाचं फंक्शन शेजारच्या फोल्डरात होतं. वरचं मुख्य फोल्डर उघडलं, जंप सुरू झाली.

हे असं का होतं, ते समजायला थोडं मागे जावं लागेल.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या युनिक्समध्ये सीटॅग्ज नावाचा एक छोटा प्रोग्राम आला. मूळ काम केन अरनॉल्ड यांचं. बिल जॉय यांचा व्हीआय हा एडिटर तिथलाच. सीटॅग्ज सगळ्या फायलींवरून फिरतो आणि टॅग्ज नावाची एकच साधी फाइल तयार करतो. दर ओळीत तीन गोष्टी: नाव, ते ज्या फायलीत आहे तिचं नाव, आणि त्या फायलीत ते शोधायचं कसं याची खूण. पुस्तकाच्या शेवटी असते तशी ही सूची. आणि पुस्तकाची नवी आवृत्ती काढून सूची जुनीच ठेवली तर जे होतं, तेच इथेही होतं: कोड बदलला, टॅग्ज फाइल जुनी राहिली, की जंप भलत्या जागी. खूण म्हणून बहुधा ओळीचा क्रमांक न लिहिता ओळीचा मजकूरच लिहिलेला असतो. त्यामुळे वर दोन ओळी वाढल्या तरी काम अडत नाही. पण फंक्शनचं नाव बदललं किंवा ते दुसऱ्या फायलीत गेलं, की संपलं.

मला ही जुनी पद्धत आजही आवडते, कारण तिच्यात काही लपलेलं नाही. जंप झाली नाही तर टॅग्ज फाइल उघडायची आणि ते नाव त्यात आहे का ते डोळ्यांनी बघायचं. नसेल, तर सीटॅग्ज परत चालवायचा. असेल, तर व्हिम ती फाइल शोधतोय कुठे, हे त्याच्या टॅग्ज या सेटिंगमध्ये विचारायचं. व्हिम आपणहून वरच्या फोल्डरांत जाऊन शोधत नाही. त्या सेटिंगमध्ये फाइलच्या नावापुढे अर्धविराम टाकला, तर एकेक पायरी वर जात शोधतो. एवढा एक अर्धविराम माहीत नसल्याने जंपचा नाद सोडून दिलेली माणसं मी पाहिली आहेत. डॅरेन हिबर्ट यांचा एक्झुबरंट सीटॅग्ज आणि त्याच्यापुढचा युनिव्हर्सल सीटॅग्ज आज पुष्कळ भाषा ओळखतात. लिनक्सच्या कर्नेलमध्ये 'मेक टॅग्ज' म्हटलं की आजही ही सूची तयार होते.

पण सीटॅग्जला भाषा समजते ती वरवर. दोन वर्गांत एकाच नावाची दोन फंक्शनं असतील, तर इथे नेमकं कुठलं अभिप्रेत आहे हे त्याला ठरवता येत नाही. ते ठरवायला कंपायलरइतकी समज लागते. पूर्वी अशी समज एकेका एडिटरमध्ये एकेका भाषेसाठी वेगवेगळी लिहावी लागे. दहा एडिटर आणि वीस भाषा असतील तर दोनशे जोड्या. जून २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्ट, रेड हॅट आणि कोडेन्व्ही यांनी मिळून लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल जाहीर केला आणि हा गुंता सुटायला लागला. आता भाषेची समज वेगळ्या प्रोग्राममध्ये असते. त्याला लँग्वेज सर्व्हर म्हणतात, पण तो आपल्याच मशीनवर, एडिटरच्या पाठीमागे चालतो. सी आणि सी प्लस प्लससाठी क्लँगडी, गोसाठी गोप्लस, रस्टसाठी रस्ट-अॅनालायझर. एडिटर त्याला विचारतो: या फायलीत, अमुक ओळीत, अमुक रकान्यात जे नाव आहे त्याची व्याख्या कुठे? सर्व्हर फाइल आणि जागा सांगतो. एडिटर ती उघडतो. बस.

म्हणजे एफ १२ दाबल्यावर एडिटर स्वतः काहीच शोधत नसतो. विचारणारा एक, उत्तर देणारा दुसरा. हे एकदा मनात पक्कं बसलं की बिघाड शोधण्याची दिशाच बदलते. व्हीएस कोडमध्ये आउटपुट नावाची खिडकी असते. तिच्या उजवीकडच्या यादीतून त्या भाषेचा सर्व्हर निवडला की त्याचं बोलणं वाचायला मिळतं. बऱ्याच एक्स्टेन्शनना 'ट्रेस' असं सेटिंग असतं. ते पूर्ण बोलकं केलं तर प्रत्येक प्रश्न आणि त्याचं उत्तर ओळीने दिसतं. उत्तर रिकामं आलं, तर सर्व्हर जिवंत आहे, त्याने शोधलं, त्याला मिळालं नाही. एरर आला, तर तो वाचायचा. उत्तर आलंच नाही, तर सर्व्हर एक तर सूची करण्यात गुंतलेला आहे किंवा पडलेला आहे. पडद्यावर या तिन्हींचं रूप जवळजवळ सारखंच दिसतं, उपाय मात्र तीन वेगवेगळे. माझं कळकळीचं सांगणं आहे, ही खिडकी पहिल्या आठवड्यातच प्रत्येक नव्या मुलाला दाखवा. कॉलेजात भाषा शिकवतात, अल्गोरिदम शिकवतात, आणि ज्या हत्याराने ही मुलं पुढची तीस वर्षं काम करणार, ते आतून कसं चालतं हे कुणी सांगतच नाही.

पहिलंच नाव अडतं तेव्हा खालच्या पट्टीत उजवीकडे बघावं. तिथे फायलीची भाषा लिहिलेली असते. 'प्लेन टेक्स्ट' असेल तर सर्व्हर कितीही चांगला असो, त्याला कुणी विचारणारच नाही. जुन्या बँकिंग कोडमध्ये ओरॅकलच्या प्रो-सीच्या फायली असतात, सी भाषेतच मधे मधे एसक्यूएल लिहिलेलं. त्यांचं शेपूट डॉट पीसी. एडिटरला ते आपणहून ओळखता येत नाही. या फायली सी समज, असं 'फाइल्स असोसिएशन्स' या सेटिंगमध्ये सांगावं लागतं. मग एसक्यूएलच्या ओळींखाली लाल रेघा येतात. त्या येऊ द्याव्यात, फंक्शनं सापडायला लागतात. आणखी एक, २०२१ पासून व्हीएस कोड अनोळखी फोल्डर उघडताना विचारतो, या लेखकांवर तुमचा विश्वास आहे का? नाही म्हटलं किंवा ती चौकट नुसती बंद केली, तर फोल्डर रिस्ट्रिक्टेड मोडमध्ये उघडतं आणि कितीतरी एक्स्टेन्शन गप्प बसतात. ही सोय सुरक्षेसाठी आहे आणि ती योग्यच आहे. फक्त तिचा आणि जंपचा संबंध पटकन लक्षात येत नाही.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो सी प्लस प्लसमध्ये, कारण त्या भाषेत नुसत्या फायली वाचून अर्थ लागतच नाही. आमचा पासबुक छपाईचा भाग सी प्लस प्लसमध्ये आहे. त्यात वेगवेगळ्या प्रिंटरसाठी वेगवेगळे तुकडे, आणि कुठला तुकडा कंपाइल करायचा ते बिल्डच्या आज्ञेतल्या एका खुणेवर ठरतं. हेडर फायली कुठल्या फोल्डरात आहेत, हेही त्याच आज्ञेत. ती आज्ञा हाती नसेल तर क्लँगडी अंदाज करतो. अंदाज चुकला की पहिल्याच इन्क्लूडच्या ओळीवर 'फाइल नॉट फाउंड' येतं आणि तिच्याखाली पन्नास एरर. इथे एकच शिस्त पाळायची: पहिला एरर तेवढा वाचायचा. बाकीचे बहुतेक त्याचीच पोरं असतात.

ही आज्ञा क्लँगडीला मिळते कंपाइल कमांड्स नावाच्या जेसन फायलीतून. प्रत्येक सोर्स फाइल कुठल्या फोल्डरातून, कुठल्या पर्यायांसह कंपाइल झाली, याची ती यादी. क्लँगडी ती सोर्सच्या फोल्डरात, मग वरवरच्या फोल्डरांत आणि तिथल्या 'बिल्ड' या नावाच्या फोल्डरात शोधतो. प्रोजेक्ट सीमेकवर असेल तर 'सीमेक एक्सपोर्ट कंपाइल कमांड्स' हा पर्याय चालू केला की यादी आपोआप बनते, पण फक्त मेकफाइल आणि निंजा या प्रकारच्या बिल्डमध्ये. व्हिज्युअल स्टुडिओचं बिल्ड बनवत असाल तर सीमेक हा पर्याय मुकाट्याने सोडून देतो, आणि माणूस फाइल शोधत बसतो. नुसतं मेक असेल तर बेअर नावाचं साधन आहे. ते मेक चालू असताना शेजारी बसून प्रत्येक कंपाइलची नोंद घेतं. यात एक खाचखळगा आहे. आधीच सगळं कंपाइल झालेलं असेल तर मेक काहीच कंपाइल करत नाही, मग बेअरच्या नोंदीतही काही येत नाही. आधी क्लीन, मग बेअर. आमच्याकडे यादी अर्धवट निघाली की मी पहिलं हेच विचारते: क्लीन केलं होतंस का?

यादी ठीक असूनही एखादा तुकडा राखाडी दिसत असेल आणि त्यातल्या नावांवर जंप होत नसेल, तर तो तुकडा दुसऱ्या प्रिंटरच्या बिल्डचा आहे. क्लँगडीचं चित्र बरोबर आहे, आपण दुसऱ्या चित्रात उभे आहोत. त्या प्रिंटरच्या बिल्डची यादी द्यायची. आणि जंप व्याख्येऐवजी हेडरमधल्या एका ओळीच्या घोषणेवर जाऊन थांबत असेल, तर थोडं थांबावं. क्लँगडी सगळा प्रोजेक्ट मागच्या मागे वाचून सूची बनवत असतो. ती पुरी होईस्तोवर त्याला घोषणा तेवढी ठाऊक असते. मोठ्या प्रोजेक्टमध्ये याला वेळ लागतो, चहा पिऊन यावं.

पायथनची तऱ्हा निराळी. तिथे नेहमीची तक्रार अशी: "मॅडम, टर्मिनलमध्ये प्रोग्राम नीट चालतोय, पण एडिटर म्हणतो इम्पोर्ट सापडत नाही." दोघंही खरं बोलतात. मशीनवर एकाहून जास्त पायथन असतात. टर्मिनल प्रोजेक्टच्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमधला वापरतंय आणि एडिटर सिस्टीमचा. लायब्ररी पहिल्यात टाकलेली आहे, दुसऱ्यात नाही. टर्मिनलमध्ये पायथनलाच विचारावं, तू कुठल्या जागेवरून चालतोस, आणि तो पत्ता एडिटरच्या खालच्या पट्टीतल्या पायथनशी ताडून बघावा. वेगळे असतील तर 'सिलेक्ट इंटरप्रिटर' या आज्ञेने योग्य तो निवडावा. जावात याच जातीची अडचण आली तर सर्व्हरने साठवलेली जुनी माहिती पुसून नव्याने वाचायला लावायची आज्ञा आहे, तिने बहुतेकदा भागतं. टाइपस्क्रिप्टमध्ये जंप लायब्ररीच्या नुसत्या वर्णनाच्या फायलीत नेऊन सोडते. तिथे २०२२ मधल्या ४.७ आवृत्तीपासून 'गो टू सोर्स डेफिनिशन' ही वेगळी आज्ञा मिळते, ती खऱ्या कोडपर्यंत नेते.

आता ज्या अडचणीबद्दल मला मुद्दाम लिहायचंय ती. ती आपली आहे, मराठीत काम करणाऱ्यांची.

आमच्या कोडमध्ये मराठी मजकूर ठिकठिकाणी आहे, कारण पासबुक मराठीत छापलं जातं. एका साधनात आमच्या लक्षात आलं, की जंप काही ओळींवर चालते आणि काहींवर नाही. फाइल तीच, फंक्शन तेच. वर चालतं, खाली अडतं. अडणाऱ्या ओळी एकाखाली एक लिहून काढल्या तेव्हा दिसलं, त्या प्रत्येक ओळीत फंक्शनच्या नावाआधी अवतरणात मराठी शब्द होता.

कारण असं. एडिटर सर्व्हरला जागा सांगतो ती ओळ आणि रकाना या दोन आकड्यांत, दोन्ही शून्यापासून मोजलेले. रकाना म्हणजे काय, हे प्रोटोकॉलने सुरुवातीपासून ठरवलेलं आहे: यूटीएफ-१६ या पद्धतीने मोजलेले घटक. व्हीएस कोड ज्या जावास्क्रिप्टच्या पायावर उभा आहे, तिच्यात मजकूर असाच मोजतात. डिस्कवर मात्र फाइल यूटीएफ-८ मध्ये असते, आणि तिथे देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट घेतं. 'रक्कम' हा शब्द घ्या. डोळ्यांना तीन अक्षरं दिसतात. युनिकोडमध्ये ती पाच चिन्हं आहेत: र, क, हलन्त, क, म. यूटीएफ-१६ मध्ये पाच घटक, यूटीएफ-८ मध्ये पंधरा बाइट. आता ओळ अशी आहे: प्रिंट हा इंग्रजी पाच अक्षरांचा शब्द, कंस, अवतरण, मग 'रक्कम', मग अवतरण, स्वल्पविराम, एक मोकळी जागा, आणि मग रोमन लिपीतलं फंक्शनचं नाव, व्याजकाढा. एडिटर म्हणतो, नाव १५ व्या रकान्यात आहे. सात अधिक पाच अधिक तीन. सर्व्हरने हे १५ बाइट म्हणून मोजले तर तो पोचतो 'रक्कम' या शब्दाच्या मधोमध, कारण बाइटच्या हिशेबात नाव २५ वर आहे. तिथे त्याला दिसतो नुसता मजकूर. मजकुराला व्याख्या नसते. उत्तर रिकामं.

इंग्रजीतला मजकूर असेल तर दोन्ही हिशेब एकच येतात, दर अक्षराला एक बाइट आणि एकच घटक. म्हणून ही चूक सगळ्या इंग्रजी चाचण्यांमधून सुटते. ज्याच्या कोडमध्ये मराठी, हिंदी, तमिळ, जपानी असा मजकूर आहे, त्यालाच ती भेटते. प्रोटोकॉलच्या २०२२ मधल्या ३.१७ आवृत्तीपासून एडिटर आणि सर्व्हर सुरुवातीलाच आपसात ठरवू शकतात, की मोजायचं कुठल्या पद्धतीने. पण काहीच ठरवलं नाही तर यूटीएफ-१६ च धरायचं, हा नियम कायम आहे. तो न पाळणारं एखादं छोटं साधन आजही निघू शकतं.

तेव्हा एकाने सुचवलं होतं, मराठी मजकूर काढून इंग्रजी टाका, म्हणजे झंझट नको. मला ते अजिबात पटलं नाही. पासबुक ज्या बाईंच्या हातात जायचंय त्यांना मराठी वाचता येतं, आणि हत्याराने माणसाच्या गरजेप्रमाणे वागायचं असतं. आम्ही दोन ओळींचं उदाहरण तयार केलं. एकीत 'रक्कम', दुसरीत त्याच्या जागी इंग्रजी शब्द, बाकी अक्षर न् अक्षर सारखं. सोबत ट्रेसमधला प्रश्न आणि रिकामं उत्तर जोडून ते साधन लिहिणाऱ्यांना पाठवलं. दुरुस्ती झाली. तोपर्यंत मराठी मजकूर वेगळ्या ओळीवर घेऊन आम्ही काम चालवलं. ज्यांच्या कोडमध्ये देवनागरी आहे त्या सगळ्यांना माझं सांगणं आहे: अशी चूक दिसली की कळवा. आपण कळवली नाही तर ती कुणाला दिसणारच नाही.

काही वेळा मात्र उत्तर नसणं हेच खरं उत्तर असतं. आमच्या रिपोर्टमध्ये फंक्शनची नावं डेटाबेसच्या तक्त्यात लिहिलेली आहेत. रिपोर्टचा क्रमांक आला, की तक्त्यातून नाव उचलायचं आणि पायथनच्या गेटअॅट्रने त्या नावाचं फंक्शन चालवायचं. प्रोग्राम चालू होईस्तोवर कुठलं नाव येणार हे कुणालाच ठाऊक नाही, मग सर्व्हरला कुठून कळावं? लिनक्सच्या कर्नेलमध्ये याचं प्रसिद्ध उदाहरण आहे. सिस-रीड या सिस्टीम कॉलची व्याख्या शोधायला गेलं तर हेडरमध्ये घोषणा सापडते, पण त्या नावाने लिहिलेलं फंक्शन कुठेच सापडत नाही. ते एफएस फोल्डरातल्या रीड-राइट फायलीत आहे, पण तिथे लिहिलंय 'सिसकॉल डिफाइन ३' आणि कंसात नुसतं 'रीड'. तीन म्हणजे तीन आर्ग्युमेंट. पूर्ण नाव मॅक्रो जोडून बनवतो. कर्नेल वाचायला बसलेली कितीतरी हुशार मुलं इथे अडतात. त्यांना आधीच सांगून ठेवावं, की सिस्टीम कॉल हुडकायचा असेल तर एफ १२ बाजूला ठेवा आणि 'सिसकॉल डिफाइन' हे शब्द साध्या शोधात टाका.

पायथनमध्ये यावर थोडा इलाज आहे. २०१५ च्या ३.५ आवृत्तीपासून फंक्शनच्या आर्ग्युमेंटपुढे त्याचा प्रकार लिहिण्याची ठरलेली पद्धत आहे. 'खाते' हे नुसतं नाव असेल तर सर्व्हरला त्याच्यामागे काय आहे हे ओळखता येईलच असं नाही. प्रकार लिहिला, की त्या खात्याच्या शिल्लकेपर्यंत, व्याजदरापर्यंत जंप होते. माझ्या मते कोडमध्ये प्रकार लिहिण्याचं हे सगळ्यात मोठं कारण आहे. कंपायलरच्या समाधानासाठी नाही, पुढे वाचायला येणाऱ्या माणसासाठी. हल्ली मुलं एफ १२ अडलं की एआयला विचारतात, हे फंक्शन कुठे असेल? तो सांगतो, पुष्कळदा बरोबरही सांगतो. पण तो अंदाज करतो, आणि सर्व्हर कोड वाचून उत्तर काढतो. व्याजाच्या हिशेबात मला दुसरंच हवं.

एक अडचण लिनक्सवाल्यांसाठी. गिटची ब्रँच बदलली, फायली बदलल्या, आणि एडिटर जुन्याच कोडवर जंप करतोय, असं झालं तर बहुधा फायलींवर नजर ठेवण्याची मर्यादा संपलेली असते. आयनोटिफाय नावाची कर्नेलची सोय किती फायलींवर आणि फोल्डरांवर लक्ष ठेवेल याला मर्यादा असते. जुन्या मशीनवर ती ८१९२ असायची, आणि वेब प्रोजेक्टमधलं नोड मॉड्यूल्स हे एकच फोल्डर ती सहज ओलांडतं. व्हीएस कोड तशी सूचनाही दाखवतो, मोठ्या फोल्डरातले बदल टिपता येत नाहीत म्हणून. ती वाचून मर्यादा ५२४२८८ पर्यंत वाढवता येते. त्याहून बरं म्हणजे ज्या फोल्डरांत आपण कधी जात नाही ती लक्ष ठेवण्याच्या यादीतून वगळावीत.

सर्व्हर नव्याने सुरू करायलाही माझी हरकत नाही. त्याची आज्ञा जवळजवळ प्रत्येक भाषेला आहे आणि कधी कधी खरंच तेवढ्याने काम होतं. पण आधी लॉग एखाद्या फायलीत उतरवून घ्यायचा, मग सुरू करायचा. रोज दुपारी सर्व्हर नव्याने सुरू करावा लागत असेल, तर त्याचं कारण त्या उतरवलेल्या लॉगमध्येच मिळतं: बऱ्याचदा मेमरी संपून तो पडलेला असतो, आणि कुणीतरी बिल्डचं सगळं आउटपुट फोल्डर सूचीत घातलेलं असतं.

जे सेटिंग एकदा शोधून काढलं, ते आता आम्ही कोडसोबतच गिटमध्ये ठेवतो. फायलींची भाषा, वगळायची फोल्डरं, पायथनची जागा. नव्या मशीनवर प्रोजेक्ट उतरवला की ते तयार असतं. कंपाइल कमांड्सची यादी तेवढी त्यात ठेवायची नाही, कारण तिच्यात ती बनवणाऱ्या मशीनवरचे पूर्ण पत्ते असतात आणि दुसऱ्याच्या मशीनवर ते फोल्डर नसतं. ती प्रत्येकाने आपल्या मशीनवर बनवायची. आधी क्लीन, मग बेअर.